सातपुरातला समुद्र

सातपूर, नाशिक
८ जून २०२५

चि. राखीस,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन केलास. मी उचलला, 'हॅलो' म्हणालो, आणि पुढे तू काय काय बोललीस ते त्या फोनलाच ठाऊक. सगळी नोकरी पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये गेली, कान कंपनीत ठेवूनच रिटायर झालो. कानात घालायचं ते मशिन लावलं की नुसत्या शिट्ट्या वाजतात. माणूस समोर असला की ओठ बघून भागतं, फोनला ओठ नाहीत. तेव्हा आपलं ठरलंय तेच बरं. मी कागदावर लिहीन, फोटो काढून पाठवीन. तूही पत्रच लिही. ते चार-चार शब्दांचे मेसेज नकोत, त्यात माणूस सापडत नाही.

आता तुझ्या माशांच्या टाकीची खबर. तुझी झाडं (बरं बाई, झाडं नव्हेत, कोरल, जिवंत प्राणी, चिडू नको) गेल्या वर्षभरात एवढी वाढली की त्यातलं जांभळं काचेला टेकलंय. पण गेल्या महिन्यात त्याची टोकं तपकिरी पडली. कारण मला माहीत आहे. तू सांगून गेलीस तसं मी सकाळ-संध्याकाळ त्या दोन बाटल्यांतलं औषध मोजून टाकतो. पण भाताचं रोप टाकायला हरसूलला तुझ्या आईकडे जावं लागलं आणि खालच्या मजल्यावरच्या शेखरला औषधाचं सांगून गेलो. शेखर गुणी, पण विसराळू. परत आल्यावर पाणी तपासलं, तर त्यातला चुना पार खाली गेलेला. आता जुलैत आवणी, रोपं चिखलात लावायची. तेव्हा तर आठ-दहा दिवस तिकडेच काढावे लागतील. मग काय करू?

तुझी आई म्हणते, "पोर तिकडं दोह्याला, तुमी तिथं, न मी हितं चिखलात. एका टाकीपायी तीन घरं झाली. मासं तरी खायचं हायेत का ते?" मी तिला सांगितलं, भिमाबाई, दिवाळीपर्यंत थांब. दोन वर्षांचं सांगून पोरगी गेलीय, दिवाळीला दोन वर्षं भरतात.

खरं सांगतो राखी, मला मासे-बिसे काही कळत नाहीत. पण टाकी जिवंत आहे तोवर तू इथलीच आहेस, असं मी धरून चाललोय. तू येशील तेव्हा ती होती त्याहून भरलेली तुझ्या हातात द्यायची आहे. तेवढ्यासाठी मी इथे बसलोय. उपाय सांग.

तुझा,
बाबा


दोहा
१५ जून २०२५

प्रिय बाबा,
(तीर्थरूप लिहिलं की मला तुम्ही काशीला निघाल्यासारखे वाटता.)

पत्र वाचून हसले आणि मग जांभळ्याच्या फोटोकडे बघून रडकुंडीला आले. ते मी बोटाच्या पेराएवढं आणलं होतं, आठवतंय? चेन्नईहून, ओल्या कागदात गुंडाळून, रेल्वेत मांडीवर डबा धरून. आणि आता काचेला टेकलं!

उपाय आहे. तुम्हाला आवडेल असा आहे, कारण ते यंत्र आहे. त्याला कॅल्शियम रिअॅक्टर म्हणतात. नाव मोठं, काम साधं. कोरल स्वतःचा सांगाडा बांधायला पाण्यातला चुना ओढून घेतं, म्हणून तो कमी पडतो. आता एका उभ्या नळकांड्यात मेलेल्या कोरलचे तुकडे भरायचे. टाकीतलं थोडं पाणी त्यातून पंपाने फिरवत ठेवायचं आणि त्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा, सोड्याच्या बाटलीतला गॅस तोच. पाणी आंबट होतं, आंबट पाण्यात ते तुकडे हळूहळू विरघळतात, आणि तो विरघळलेला चुना थेंब थेंब टाकीत पडत राहतो. मेलेल्यांनी जिवंतांना पोसायचं. एकदा बसवलं की रोज औषध टाकायला नको. तुम्ही महिनाभर हरसूलला राहिलात तरी चालेल.

इथे माझ्याबरोबर काम करणारा अमित देवळ्याचा आहे. जुलैत घरी येतोय. त्याच्या बॅगेतून सगळं पाठवते. आपोआप गॅस बंद करणारी झडप असलेला संच फार मोठा होता, त्याच्या बॅगेत मावेना. म्हणून हा साधा घेतला, गॅसला हाताने फिरवायची चावी आहे. फक्त सिलिंडर तिकडे घ्या, विमानात नेता येत नाही.

एकच गोष्ट पाठ करा. पंप थांबवायचा असेल तर आधी गॅसची चावी बंद करायची. पंप थांबला आणि गॅस चालू राहिला, तर तो सगळा नळीतून टाकीत जाईल. टाकीचंच पाणी आंबट होईल. आणि आंबट पाणी मेलेलं कोण आणि जिवंत कोण ते बघत नाही. लाईट गेल्यावर पंप थांबू नये म्हणून तो इन्व्हर्टरवर घ्या.

दिवाळीचं बघते. इथे सुट्ट्यांचं काही खरं नसतं.

आईला सांगा, ते मासे खायचे नाहीत.

तुमची,
राखी


सातपूर
२० जुलै २०२५

चि. राखीस,
अनेक आशीर्वाद.

यंत्र बसलं! अमित स्वतः देवळ्याहून येऊन खोकं देऊन गेला. चांगला पोरगा आहे, चहा घेतला, टाकी बघितली, आणि म्हणाला, "काका, राखीताई तिकडं सगळ्यांना या टाकीचे फोटो दाखवते." मी तोंडावर काही दाखवलं नाही, पण तो गेल्यावर फडक्याने काच पुन्हा एकदा पुसली.

गॅस अंबडला भरून मिळाला, आग विझवायची नळकांडी भरणाऱ्याकडे. त्याने विचारलं, "कुठल्या कंपनीसाठी?" मी म्हटलं, "कंपनी नाही, घरच्या समुद्रासाठी." तो माझ्याकडे बघतच राहिला. बहुधा त्याला वाटलं, म्हाताऱ्याने सकाळीच घेतलीय.

तू लिहिलंस की साधं यंत्र आहे. साधं तुझ्यासाठी. नळकांड्याच्या तळाचा नट गळत होता, टेफ्लॉन टेप गुंडाळून तो बसवला. मग बुडबुडे जास्त की थेंब जास्त, यात मी आणि ते यंत्र आठवडाभर भांडलो. गॅस वाढवला तर पाणी फार आंबट, थेंब वाढवले तर तुकडे विरघळेनात. शेवटी मी हार मानली आणि नळकांड्यावर तळहात ठेवून बसलो. ऐकू येत नसलं तरी पंप नीट चाललाय की नाही ते हाताला कळतं. प्रेसचं बेअरिंग बिघडणार असलं की मला असंच कळायचं. मग जमलं.

तुझी आई बघायला आली होती. रिअॅक्टर म्हटल्यावर दोन पावलं मागे सरली, तारापूरच्या अणुभट्टीसारखं काही असेल आणि फुटेल म्हणून. मी समजावलं तेव्हा म्हणाली, "म्हंजी मेलेल्याची हाडं विरघळून जित्याला पाजायची? लय वंगाळ." मग जरा वेळ बघत बसली आणि म्हणाली, "पर थेंब बरा पडतोय."

आवणीला गेलो. बांधावर उभं राहूनही डोक्यात टाकीच होती. आठ दिवसांनी परतलो, पाणी तपासलं, तर चुना जिथे सोडला तिथेच. जांभळ्याची टोकं पांढरी झालीत, म्हणजे नवी वाढ. सगळं माझ्यावाचून नीट चाललं होतं. कुणाला माझी गरज पडलेली नव्हती. बरं वाटलं.

तुझ्या खोलीच्या खिडकीची जाळी बदलून घेतलीय. डास होणार नाहीत.

तुझा,
बाबा


दोहा
२८ जुलै २०२५

प्रिय बाबा,

मी तुमचं पत्र इथे सगळ्यांना वाचून दाखवलं. आमच्या मत्स्यालयाच्या मुख्य बाईंनी विचारलं की तुझे वडील कुठल्या विद्यापीठात होते. मी म्हटलं, सातपूर एमआयडीसी.

बाबा, मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू! इतके दिवस मनात सारखं यायचं की मी तिथे एक टाकी सोडून आले आणि तिच्या पायाला तुम्हाला बांधून आले. आई एकटी भातात, तुम्ही एकटे त्या दोन खोल्यांत. आता तुम्ही मोकळे. खरंच मोकळे! गॅस महिना-दोन महिने पुरतो. शेखर फक्त माशांना खाऊ घालेल, तेवढं तर तो विसरणार नाही. तुम्ही हरसूललाच राहायला जा ना. महिन्यातून एकदा येऊन बघितलंत तरी पुरे.

खिडकीची जाळी कशाला बदललीत? उगाच दगदग.

तुमची,
राखी


सातपूर
१४ सप्टेंबर २०२५

चि. राखीस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. राग आला होता म्हणून, लपवत नाही. मला मोकळं कशाला करतेस? मी कुठे तक्रार केली होती? जो तो मला मोकळा करायला निघालाय. कंपनीनेही पेढे देऊन मोकळाच केला होता.

हरसूलला जाऊन मी काय करू? पोळा झाला, बैल शेजाऱ्याचे. तुझ्या आईचं रान, तिचं भात, तिच्या बाया. तिथे मी पाहुण्यासारखा खाटेवर बसतो आणि ती मला चहा विचारते. इथे निदान सकाळी उठलो की कुणीतरी माझ्याकडे बघतं. ते दोन जोकर मासे काचेपाशी येतात. खाऊसाठी येतात, मला कळतं. पण येतात.

टाकीचं विचारशील तर अशी कधीच नव्हती. हिरव्याला नवे कोंब फुटलेत. गुलाबी तर मी मेलं म्हणून सोडून दिलं होतं, त्याने खालून दगड पकडलाय. दुपारी उन्हाची तिरीप येते तेव्हा मी खुर्ची टाकून बसतो. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या नवसाबाई आल्या होत्या, म्हणाल्या, "भाऊ, देवघरात बसल्यावानी वाटतं." तुला हे बघायला मिळावं एवढंच वाटतं, बाकी माझं काही मागणं नाही.

तुझा पलंग दुरुस्त करून घेतला. दिवाळीची तारीख कळव, म्हणजे तुझ्या आईला आधी आणून ठेवतो. ती म्हणते, भात कापणीला आलेलं असेल, पण राखी येणार असंल तर सोडून येईन.

तुझा,
बाबा


दोहा
२६ सप्टेंबर २०२५

प्रिय बाबा,

घाईत लिहितेय. रागावू नका ना. मी तसं म्हटलं नव्हतं.

दिवाळीचं अवघड दिसतंय. नक्की नाही असं नाही, पण अवघड. पुढच्या पत्रात सविस्तर लिहिते, मला तुमच्याशी बरंच बोलायचंय. आईला उगाच आशा लावू नका. कापणी सोडून येऊ नको म्हणावं.

दसऱ्याला मात्र तुम्ही आईकडे जा. दर वर्षी जाता. टाकीची चिंता नको, यंत्र आहे ना. तुम्ही नसलात तरी चालतं आता.

हिरव्याचा आणि गुलाबीचा फोटो पाठवा, प्लीज.

राखी


सातपूर
१९ ऑक्टोबर २०२५

चि. राखीस,
आशीर्वाद.

दसऱ्याला हरसूलला गेलो होतो. तुझ्या आईने नागलीची भाकरी आणि माठाची भाजी केली होती. यंदा भात बरं आहे, शेवटच्या पावसाने थोडं लोळलंय. देवाला सोनं वाहिलं. तुझ्या नावाचंही वाहिलं.

टाकी छान आहे. सगळं छान आहे. फोटो मागितलास, पण फोनचा कॅमेरा धूसर झालाय. दुरुस्त झाला की पाठवतो.

तू येत नाहीस ते तुझ्या आईला सांगितलं. ती उठून विळ्यांना धार लावायला बसली.

सविस्तर लिहिणार होतीस त्याची वाट बघतो.

बाबा


दोहा
२ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाबा,

कॅमेरा धूसर झालाय म्हणता, पण तुमच्या पत्राचा फोटो तर लख्ख येतो. काना-मात्रासुद्धा दिसतो. मला कळतं बाबा, दिवाळीला आले नाही म्हणून रुसलात. रुसा. मी त्याच लायकीची आहे.

हे पत्र मी चार वेळा लिहून पुसलंय. आता लिहून टाकते.

मला ऑस्ट्रेलियात काम मिळालं आहे. समुद्रात कोरल पुन्हा लावायचं काम. तिथलं पाणी तापलं की मैलोनमैल कोरल पांढरं पडतं, मग नर्सरीत वाढवलेले कोंब बुडी मारून खडकावर चिकटवायचे. आपल्या टाकीत मी जे करायचे तेच, फक्त खऱ्या समुद्रात. बाबा, मी आयुष्यात दुसरं काहीच मागितलं नव्हतं. जानेवारीत रुजू व्हायचंय. पाच वर्षांचा करार आहे आणि नंतर तिथेच राहता येईल असं म्हणतात. मुलाखत मे महिन्यातच झाली होती. मिळेल की नाही कळत नव्हतं म्हणून बोलले नाही. मग मिळालं, आणि तुमचं ते खिडकीच्या जाळीचं पत्र आलं. मग माझी हिंमतच झाली नाही.

मधे सुट्टी नाही. सामान हलवायचं, कागदपत्रं, सगळं इथूनच. पुढच्या वर्षी कधीतरी येईन. कधी ते नाही सांगू शकत.

टाकीचं मी ठरवलंय. गंगापूर रोडचा मयूर तुम्हाला आठवत असेल, माझ्या कॉलेजचा, त्याच्याकडे मोठी टाकी आहे. तो येत्या आठवड्यात खोके घेऊन येईल आणि सगळे कोरल, मासे, यंत्र घेऊन जाईल. नीट सांभाळेल. तुम्ही इतकं सुंदर वाढवलंत, ते वाया जाणार नाही. नाहीतर मला हे काम घेताच आलं नसतं, मनाने तिथेच अडकून राहिले असते. तुमच्यामुळे मी जाऊ शकतेय, बाबा.

आता खरंच आईकडे जा. दोघं एकत्र राहा. माझ्यासाठी तेवढं करा.

तुमचीच,
राखी


सातपूर
१६ नोव्हेंबर २०२५

राखी,

मयूर येऊन गेला. दार उघडायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण बेलच्या जागी तूच दिवा लावून गेली आहेस, तो सारखा लुकलुकायला लागला. पोरगा किती वेळ उभा राहणार? उघडलं. तो आत आला, टाकीसमोर उभा राहिला, आणि हातातली थर्माकोलची खोकी खाली ठेवायचं विसरला. एवढ्या वेळात त्याने तुला कळवलंही असेल. पण मी लिहिणं भाग आहे.

टाकीत काही नाही. जांभळं, हिरवं, गुलाबी, सगळं गेलं. मासेही गेले. दसऱ्यालाच गेलं. १९ तारखेला मी तुला खोटं लिहिलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी सकाळी यंत्र थांबवलं. आमच्या शॉपमध्ये दर वर्षी तेच व्हायचं. मशिन धुवायची, पुसायची, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा. ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातून एक दिवस विश्रांती. आणि पूजा झाली की दुसरा दिवस उजाडेपर्यंत कुणी मशिनला हात लावायचा नाही. मॅनेजर आला तरी नाही. हे यंत्र घरात आल्यावर त्याला वगळायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. टाकीचे पंप मी थांबवले नाहीत, त्यात जीव होते, एवढं मला कळत होतं. फक्त तुझं यंत्र थांबवलं. ओल्या फडक्याने पुसलं. हळदीचं बोट वरपासून खालपर्यंत ओढलं, चावीवरसुद्धा. माळ घातली, हात जोडले.

हात जोडलेले असतानाच माझं लक्ष गेलं की गॅसची चावी उघडी आहे.

मला आठवलं, राखी. विसरलो असं मी तुला सांगू शकलो असतो, तू विश्वासही ठेवला असतास. तू पाठ करायला सांगितलं होतंस ते मला पाठ होतं. चावीवर ओली हळद होती. आता हात लावला तर पूजा मोडते, असं वाटलं. एक दिवस काय होतंय, असं वाटलं. बारीक बारीक बुडबुडे, त्यांनी काय होणार? एका दिवसासाठी शेखरलाही काही सांगितलं नाही, दार ओढलं आणि हरसूलची बस धरली. तुझ्या आईने आग्रह केला म्हणून दसऱ्याचा मुक्काम केला, तिसऱ्या दिवशी दुपारी परतलो.

दार उघडल्यावर वास आला. कोरलवरून पांढरी साल शेंबडासारखी लोंबत होती. हाताने धरली तर सुटून आली, खाली नुसता दगड. एक जोकर मासा पंपाच्या जाळीला चिकटलेला, दुसरा तळाशी पडलेला, तोंड उघडं. मी आधी गॅस बंद केला. कशासाठी केला कुणास ठाऊक. मग पाणी बदलत बसलो, मीठ कालवून, बादल्याच्या बादल्या. शेखर आला, म्हणाला, "काका, राहू द्या आता." माझ्या लक्षातच आलं नाही की मला रडू फुटलंय. ऐकू येत नाही ना, स्वतःचं रडणंही ऐकू येत नाही. त्याच्या तोंडाकडे बघून कळलं.

त्यानंतर रोज एकच गोष्ट डोक्यात फिरते. चावीला हात लावला नाही, तो पूजेमुळेच का?

अमितने खोकं आणून दिलं तेव्हा मी ते एकट्याने उघडलं. यंत्राखाली त्या मेलेल्या तुकड्यांच्या पिशव्या होत्या, एकावर एक, पाच-सहा वर्षं पुरतील एवढ्या. ती झडपेचा संच बॅगेत का मावला नाही ते तेव्हा कळलं. तुला मी त्याबद्दल काही लिहिलं नाही. गंमतजंमत लिहिली, नटाची, टेपची, अंबडच्या माणसाची. पण दिवाळीला येणारी पोरगी एवढ्या पिशव्या कशाला पाठवेल? त्या दिवशीच मला कळलं की तू येणार नाहीस. तुझ्या हाताच्या जागी तू ते यंत्र पाठवलं होतंस. पुढे ते माझ्याही हाताच्या जागी बसलं. तरी मी खिडकीची जाळी बदलली, पलंग केला, तारीख विचारत राहिलो. आणि तू लिहिलंस, यंत्र आहे ना, तुम्ही नसलात तरी चालतं आता. ते पत्र शर्टाच्या खिशात घेऊन मी पूजा केली होती.

मी मुद्दाम केलं असं म्हणत नाही. नाही केलं असंही छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. चावीपुढे उभा असताना मनात काय होतं ते आता मलाच सापडत नाही. फार वाईट अवस्था आहे ही. माणसाला निदान आपला गुन्हा कोणता ते तरी माहीत असावं.

तू लिहिलंस, माझ्यामुळे तू जाऊ शकतेस. टाकी मेलेली असतानाच तुझं हे पत्र आलं. म्हणजे ती जगली असती तरी तू जाणारच होतीस आणि मेली तरी जाणारच आहेस. मग मी दोन वर्षं इथे कशाला बसलो होतो? तुझ्या आईला तिकडे एकटं ठेवून?

ती आली होती गेल्या आठवड्यात, कापणी उरकून. टाकीपुढे बसली. मी सगळं सांगितलं, तुझं ऑस्ट्रेलियाचंही. माझ्या तोंडापाशी येऊन, मला ओठ दिसतील असं, सावकाश म्हणाली, "चला घरी." मी म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशीही उद्या म्हटलं. तिसऱ्या दिवशी तिने तिची पिशवी घेतली आणि एकटीच स्टँडवर गेली. मी गॅलरीतून बघत होतो. तिने वर बघितलं नाही. मला तिच्यामागे जाता आलं असतं, पायात चपला होत्या. पण तिथे जाऊन मी कुणाचा कोण? तिने माझ्यावाचून रान केलं, तू माझ्यावाचून चाललीस, टाकीसुद्धा आठ दिवस माझ्यावाचून नीट राहिली होती. ज्या एका दिवशी माझा हात हवा होता, तेव्हा मी तो जोडून उभा होतो.

मयूरला मी यंत्र ने म्हटलं. नको म्हणाला, काका, राहू द्या. चांगला आहे तो. त्याला दोष देऊ नको.

टाकीतलं पाणी मी अजून काढलेलं नाही. सकाळी उठून काचेपाशी जातो. सवय.

आता तुला समुद्रातल्या कामासाठी आशीर्वाद द्यायला हवा. बापाने एवढं तर लिहावंच. मघापासून पेन धरून बसलोय. मनात शोधतोय आणि तो तिथे नाही. तोंडदेखला लिहिला तर तुझ्या लक्षात येईल, माझं अक्षर तू ओळखतेस. म्हणून हे पत्र त्याशिवायच पाठवतो.

बाबा